पट्टा सुटला, पण का सुटला?

कंदरहून टेंभुर्णीकडे जाणारा रस्ता उजनीकाठच्या आपल्या वाचकांच्या पायाखालचा आहे. दोन्ही बाजूंना ऊस आणि केळी. इथली केळी परदेशी जातात, त्यामुळे या रस्त्यावर केळीच्या गाड्यांची वर्दळ नेहमीचीच. एका चैत्रातल्या दुपारी याच रस्त्याच्या कडेला केळीने भरलेली एक पिकअप उभी होती. बॉनेट उघडे, आतून वाफेचे लोट, आणि गाडीच्या सावलीत डोक्याला हात लावून बसलेला तिचा तरुण मालक. तो आमच्या शेजारच्या वस्तीवरचाच पोरगा.

"काय झालं रं?"

"बेल्ट सुटला. महिन्यात तिसऱ्यांदा."

गाडी कर्जावर घेतलेली. पहिल्या भरण्याला वडिलांनी दोन एकर केळीचा पैसा घातलेला. बेल्ट पहिल्यांदा सुटला तेव्हा मिस्त्रीने नवा बेल्ट चढवला. दुसऱ्यांदा सुटला तो रात्री, पंढरपूरहून देवदर्शन करून येताना. गाडीत बायको, लेकरू आणि म्हातारी आई. वळणावर स्टिअरिंग एकदम जड झाले आणि थोड्याच वेळात ब्रेकचे पायडल दगडासारखे घट्ट लागू लागले. दोन्ही पायांनी जोर करून दाबले तेव्हा कुठे गाडी थांबली. पुन्हा नवा बेल्ट, यावेळी आणखी ताणून. तिसऱ्यांदा काटा लाल रेघेकडे चाललेला दिसत होता, पण पाठीमागे कापलेला माल उन्हात तापत होता, म्हणून पोराने गाडी तशीच दामटली. इंजिनाचे हेड उतरवावे लागले. बेल्टाच्या किमतीचे दुखणे इंजिनाच्या किमतीवर गेले.

आणि गंमत पाहा. हेडचे काम झाले, चौथा नवा बेल्ट चढला आणि चारच दिवसांत चिमणीसारखी 'चिकचिक' पुन्हा सुरू झाली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तशातली गत. तीन वेळा बेल्ट बदलला, पण तो का सुटतो हे एकानेही विचारले नव्हते.

ते विचारले वस्तीवरच्या आबांनी. त्यांनी ते कसे शोधून काढले ते सांगतोच. पण आधी हा पट्टा काय चीज आहे ते समजून घेऊ. कारण आज घरोघरी ट्रॅक्टर आहे, दारात जीप नाहीतर पिकअप आहे, गोठ्यात कडबाकुट्टी आहे आणि गावात पिठाची गिरणी आहे. पट्टा सगळ्यांनाच आहे.

एक पट्टा, चार कामे

इंजिनाच्या पुढच्या तोंडाला एक मोठी पुली असते. इंजिन फिरले की ती फिरते. तिच्यावरचा पट्टा बाकीच्या पुल्यांना फिरवतो. एक पुली डायनामोची, म्हणजे बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरची. एक पाण्याच्या पंपाची, जो रेडिएटरचे पाणी इंजिनात खेळवतो. अनेक गाड्यांत एक पुली स्टिअरिंगच्या पंपाची आणि एक एसीची. जुन्या जीपला आणि ट्रॅक्टरला साधा 'व्ही' आकाराचा पट्टा असतो, त्यालाच आपण फॅन बेल्ट म्हणतो. नव्या गाड्यांत रुंद, आतून उभ्या धारा असलेला एकच लांब पट्टा सगळ्या पुल्यांना वळसे घालत जातो. त्याचा ताण कायम राहावा म्हणून स्प्रिंगची एक पुली असते, तिला टेन्शनर म्हणतात. नुसती वाट दाखवणारी दुसरी पुली असते, ती आयडलर.

आता लक्षात येईल की पट्टा सुटला की सगळा कारभार एकदम का बसतो. बॅटरीचा लाल दिवा लागतो. स्टिअरिंग जड होते. पाणी खेळायचे थांबले की इंजिन तापते. आणि बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप डायनामोच्याच पाठीला जोडलेला असतो. डायनामो थांबला की तोही थांबतो. पंढरपूरच्या रस्त्यावर पायडल दगडासारखे झाले ते यामुळे. ब्रेक गेलेला नसतो, त्याची मदत गेलेली असते. पाय खच्चून दाबला की गाडी थांबते, हे घरातल्या प्रत्येक गाडी चालवणाऱ्याला माहीत असू द्या.

एक खुलासा. काही इंजिनांत टायमिंग बेल्ट म्हणून दुसरा एक दातेरी पट्टा झाकणाच्या आत असतो. तो तुटला तर इंजिन जागीच बंद पडते आणि पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. तो घरी हात घालण्याचा विषय नव्हे. आपण बोलतो आहोत ते बाहेरच्या पट्ट्याबद्दल.

सुटल्याबरोबर काय कराल?

लाल दिवा लागला आणि स्टिअरिंग जड झाले की दुसरा विचार न करता गाडी कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. 'गाव दोनच किलोमीटर राहिलं' हा विचार सर्वांत महाग पडतो. पाणी खेळत नसेल तर इंजिन तापायला दोन किलोमीटर पुष्कळ झाले. काही गाड्यांत पाण्याचा पंप या पट्ट्यावर नसतो, पण आपल्या गाडीत तो कुठे आहे हे पक्के माहीत नसेल तर उगाच धाडस नको.

गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका. आतले पाणी दाबाखाली असते, उकळते फवारे थेट तोंडावर येतात. तासभर थांबा. बॉनेटमध्ये हात घालण्याआधी किल्ली काढून खिशात ठेवा. काही गाड्यांचा विजेवरचा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप सुरू होतो, तेव्हा बोटे त्याच्यापासून लांब ठेवा.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे सुटलेला पट्टा फेकू नका. तुकडे झाले असतील तर तुकडेही गोळा करा. का, ते आबांनी दाखवले.

आबांची तपासणी

आबांचे जुने गाव भीमाकाठी होते. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले, गाव पाण्याखाली गेले आणि मंडळी वर येऊन वस्ती करून राहिली. पाणी तर दारात आले, पण ते शेतात चढवायचे कसे? तेव्हा आबांनी काठावर ऑईल इंजिन बसवले. इंजिन एका बाजूला, पंप दुसऱ्या बाजूला आणि मध्ये लांब चपटा पट्टा. पाणी मागे सरकले की इंजिन उचलून खाली न्यायचे, पुन्हा बसवायचे, पुन्हा पट्टा लावायचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली आणि पुण्यात १९४६ साली किर्लोस्करांचा ऑईल इंजिनांचा कारखाना निघाला. त्या आणि तशा इंजिनांनी महाराष्ट्राच्या शेतकऱ्याला पट्ट्याचे शास्त्र शिकवले. आता काठावर विजेच्या मोटारी आल्या, पण आबांच्या हाताला ते शास्त्र अजून आठवते.

आबांनी गाडीकडे पाहिलेच नाही. म्हणाले, "आधीचे पट्टे कुठायत?"

पोरगा म्हणाला, "पहिला रस्त्यातच टाकला. तिसरा पेटीत आहे."

"आणि दुसरा?"

यावर घरातून त्याची बायको म्हणाली, "दुसरा मी गोठ्याच्या फाटकाला बांधलाय. टाकून काय द्यायचा, म्हटलं."

"शाबास पोरी. आण सोडून."

दोन्ही पट्टे आबांनी मांडीवर घेतले आणि बोटांनी चाचपत चालले. दोन्हींची एकच कड सुतासारखी विसकटलेली, दुसरी कड नव्यासारखी. रबर मऊ, भेगा नाहीत, तेलाचा वास नाही.

"पट्ट्याचा दोष न्हाई," आबा म्हणाले. "ह्याला कुणीतरी एका बाजूला ओढतंय. एक तरी पुली ओळीत न्हाई. गाडीचं शेवटचं काम काय केलं होतं?"

पोरगा आठवू लागला, पण उत्तर पुन्हा बायकोनेच दिले. "मामा, संक्रांतीनंतर डायनामो खोलला होता न्हवं? तवापास्नंच गाडी अंगणात आली की चिकचिक वाजायची. मी ह्यांना दोनदा बोलले. हे म्हणाले, उंदीर असंल."

पोराच्या वडिलांनी मान डोलावली. आबांनी सुतळी मागितली. इंजिन बंद होतेच. मोठ्या पुलीपासून डायनामोच्या पुलीपर्यंत सुतळी ताणून धरली. डायनामोची पुली जेमतेम एक सूत बाहेर. खाली वाकून पाहिले तर डायनामोच्या पट्टीचा एक बोल्ट आखूड, त्याखालचा वायसर गायब. खोलताना हरवला असेल, त्याजागी हाताला लागला तो बोल्ट बसवला. मूळ मापाचा बोल्ट आणि वायसर आला, पुली ओळीत बसली आणि चिकचिक थांबली. एका वायसरपायी तीन पट्टे आणि एक हेड गेले होते.

पट्टा वाचायला शिका

आबांची रीत तुम्हालाही जमेल. सुटलेला पट्टा उजेडात धरा आणि वळवून पाहा.

एकच कड विसकटली असेल तर एखादी पुली ओळीबाहेर आहे किंवा डुगडुगते आहे.

आतली बाजू आरशासारखी चकचकीत आणि कडक झाली असेल तर पट्टा ढिला होता आणि पुलीवर घसरत होता.

पट्टा फुगलेला, मऊ आणि चिकट लागत असेल तर त्यावर तेल पडते आहे. तेलाने रबर सडते. गळती थांबवल्याशिवाय नवा पट्टा चढवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे.

एका जागी लचका तोडल्यासारखा दिसत असेल किंवा एखादी धार निघाली असेल तर खडा, काडी किंवा उसाचे पाचट पुलीत गेले असण्याचा संभव. उन्हाळ्यात धरण खाली गेले की आपल्या गाड्या आणि ट्रॅक्टर गाळातून, फुफाट्यातून काठापर्यंत जातात. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेली होती, तेव्हा पाण्यापर्यंत पोचायला किती दूर जावे लागले ते तुम्हाला आठवत असेल. अशा वाटेवरून आल्यावर बॉनेट उघडून पुल्यांच्या खाचा पाहायची सवय ठेवा.

पट्टा जळालेला असेल आणि रबराचा वास येत असेल तर कुठली तरी पुली जाम झाली आहे. एसीचा कॉम्प्रेसर, डायनामो किंवा पाण्याचा पंप, तिघांपैकी कोण अडला ते शोधा.

आडव्या भेगा म्हणजे वय झाले. पण सावधान, नव्या जातीच्या रबराला भेगा सहसा पडत नाहीत. ते टायरसारखे झिजते. पट्टा वरून धडधाकट दिसतो, पण आतल्या खाचा खोल गेलेल्या असतात आणि पकड गेलेली असते. म्हणून गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या अंतरानंतर पट्टा बदलावा, नुसत्या डोळ्यावर विसंबू नये.

आणि पट्टा सर्व बाजूंनी चांगला असूनही सुटला असेल तर तो निर्दोष आहे. दोष पुलीत, टेन्शनरमध्ये किंवा चढवणाऱ्याच्या हातात. धारांचा पट्टा एक खाच सोडून बसवला तर तो बरोबर बसल्यासारखा दिसतो आणि थोड्या वेळात उडतो. मापाचा पट्टा नसला तरी हेच होते.

मग पुल्यांकडे वळा

इंजिन थंड आणि बंद करून, पट्टा काढून प्रत्येक पुली हाताने फिरवा. टेन्शनर आणि आयडलर सुरळीत फिरले पाहिजेत. खरखर लागली किंवा पुली डुगडुगली तर बेअरिंग गेले. पाण्याच्या पंपाची पुली हलत असेल आणि खाली पाण्याचे ओघळ असतील तर पंपाचे दिवस भरले.

ताण पाहायचा तो असा. साध्या फॅन बेल्टाला दोन पुल्यांमधल्या सर्वांत लांब भागात अंगठ्याने दाबा. साधारण एक ते दीड सेंटीमीटर दबला तर ठीक, नेमके माप गाडीच्या पुस्तकात असते. ढिला पट्टा घसरतो आणि सुटतो. फार ताणलेला पट्टा डायनामोचे आणि पंपाचे बेअरिंग खातो. सुटतो म्हणून आणखी ताणायचा, हा उपाय नव्हे. 'व्ही' पट्टा खाचेच्या दोन्ही भिंतींना धरून चालतो, तळाला नाही. खाचेचा तळ चकाकत असेल तर पट्टा किंवा पुली झिजली आहे. स्प्रिंगचा टेन्शनर असेल तर इंजिन चालू असताना लांबूनच पाहा. त्याचा हात थडथड उडत असेल तर स्प्रिंग थकली आहे.

मोठ्या पुलीवरही लक्ष ठेवा. अनेक गाड्यांत तिच्या आतल्या आणि बाहेरच्या कड्यांमध्ये रबराचा थर असतो. तो थर सुटला की बाहेरचे कडे हळूहळू सरकते, पुली वाकडी चालते आणि पट्टा उडतो. हे दुखणे मिस्त्रीच्याही नजरेतून सुटते.

आवाज येत असेल तर पाण्याची एक सोपी परीक्षा आहे. इंजिन चालू ठेवून, लांब उभे राहून, फवारणीच्या छोट्या बाटलीने पट्ट्याच्या धारांवर थोडे पाणी उडवा. चिकचिक क्षणभर थांबून पुन्हा आली तर पुल्या ओळीत नाहीत. आवाज उलट वाढून किंचाळल्यासारखा झाला तर ताण कमी आहे. हात, बाही, उपरणे जवळ नेऊ नका.

चपटा पट्टा पुलीवर टिकतो कसा?

आबांना मी विचारले, "तुमच्या इंजिनाच्या चपट्या पट्ट्याला ना खाच, ना धार. तो का नव्हता उडत?"

आबा हसले. "त्याची पुली नीट बघितली का कधी? मधी जराशी फुगीर असायची. पट्टा नेहमी उंचवट्याकडं चढतो. म्हणून तो आपोआप मधी राहायचा. पण इंजिन आणि पंप एका ओळीत न्हाई बसवलं, तर फुगवटा असूनबी उडायचा. मग आम्ही आधी सुतळी धरायचो. घसरायला लागला तर राळ लावायचो. पण राळेनं घसरणं थांबतं, वाकडेपणा जात न्हाई."

जुन्या गिरण्यांत आठाच्या आकड्यासारखा पिळा घातलेला पट्टा तुम्ही पाहिला असेल. जाते उलट दिशेने फिरवायचे असले की तसा घालत. मोटारीच्या बॉनेटमधला पट्टा त्याचाच नातू. काळ बदलला, रबर बदलले, पण ओळ, ताण आणि स्वच्छता ही तीन सूत्रे तीच राहिली.

घरातल्या माणसांसाठी

चालत्या पट्ट्याला दया नसते. कडबाकुट्टी, मळणी यंत्र, गिरणी, कुठेही पट्टा चालू असताना पदर, ओढणी, मोकळी वेणी, सैल बाही जवळ जाता कामा नये. पट्ट्यावर जाळी किंवा पत्र्याचे झाकण हवेच. ते काढून ठेवले असेल तर आजच बसवून घ्या. घसरणाऱ्या पट्ट्याला चालत्या यंत्रावर राळ लावायचे धाडस करू नका. बटण बंद करा, यंत्र पुरते थांबू द्या, मगच हात लावा. सुट्टीत पोरे यंत्राभोवती खेळतात, त्यांना हे दमात घेऊन सांगा.

आणि मिस्त्रीकडे गाडी गेली तर त्याला एकच गोष्ट सांगा. "बेल्ट बदला, पण आधी का सुटला ते दाखवा." जुना पट्टा मागून घ्या. चांगल्या मिस्त्रीला या बोलण्याचा राग येत नाही.

त्या पिकअपचा चौथा पट्टा अजून चालू आहे. हेडच्या कामाचे पैसे फिटायला मात्र पोराला पुढचे कितीतरी दिवस केळीच्या खेपा माराव्या लागल्या. दुसरा पट्टा पुन्हा गोठ्याच्या फाटकाला गेला. आता गाडी अंगणात आली की पोरगा इंजिन बंद करण्याआधी बायकोकडे पाहतो. ती आतून म्हणते, "न्हाई वाजत." मग तो किल्ली काढतो.